तीन गर्भपात आणि ‘एमटीएचएफआर’चा रिपोर्ट

पत्र:

माझं वय २९. निपाणीजवळच्या खेड्यात राहते. लग्नाला पाच वर्षं झाली, मालक माझ्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव. तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोट पडलं. पहिल्यांदा सातव्या आठवड्यात, ठोके आलेच नाहीत. दुसऱ्यांदा ठोके दिसले होते, नवव्या आठवड्यात थांबले. तिसऱ्यांदा आठव्यात, तेव्हा पिशवी साफ करावी लागली. मग डॉक्टरांनी पुष्कळ टेस्ट लिहून दिल्या. त्यात ‘एमटीएचएफआर सी६७७टी, हेटेरोझायगस’ आलंय, होमोसिस्टीन १७, आणि टॉर्चमध्ये दोन आयजीजी पॉझिटिव्ह. पुढच्या वेळी दिवस गेले की रोज पोटात इंजेक्शन घ्यायचं आणि साधं फॉलिक नको, मिथाइलफोलेटच घ्यायचं असं सांगितलंय. घरात सगळे म्हणतात हिच्याच रक्तात दोष. आत्या म्हणतात, आमच्या घरात असलं कधी नव्हतं. आमच्याकडे माळ आहे, अंडी-मटण चालत नाही. घरी विड्या वळते, सकाळी मशेरी लावते. हा दोष बाळाला जाईल का? नात्यात लग्न केल्यामुळे झालं का? धाकट्या बहिणीचं लग्न ठरवायचंय, तिचीही ही टेस्ट करावी का?
– एक भगिनी

उत्तर:

ताई, रिपोर्टातली जी ओळ घरात सगळ्यांना पाठ झालीय, तिच्यामुळे तुमचे गर्भ पडलेले नाहीत. सी६७७टीची एक प्रत इतक्या लोकांत असते की तुमच्याच गल्लीत चार-चार लेकरं झालेल्या बायकांचं रक्त तपासलं तर त्यांतल्याही काहीजणींत ती निघेल. जिथे कारण सापडण्याची खरी शक्यता आहे त्या तपासण्या मात्र पत्रावरून तरी झालेल्या दिसत नाहीत.

एमटीएचएफआर हा जीन पहिल्या गुणसूत्रावर असतो. त्याच्यापासून जे एन्झाइम बनतं ते अन्नातल्या आणि गोळीतल्या फोलेटला शेवटचं रूप, म्हणजे मिथाइलफोलेट, देतं. ते रूप बी१२ च्या मदतीने रक्तातल्या होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं मिथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल करतं. म्हणजे फोलेट कमी पडलं, बी१२ कमी पडलं किंवा हे एन्झाइम मंद चाललं, तिन्हींत रक्तातलं होमोसिस्टीन वाढतं. जीनमध्ये ६७७ व्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ असलं की एन्झाइममधलं एक अमिनो आम्ल बदलतं आणि बी२ पासून बनलेला जो जोडीदार रेणू त्याला धरून असतो तो लवकर सुटतो. प्रयोगशाळेत मोजलं तर एक प्रत बदललेल्या माणसात एन्झाइमचं काम साधारण ६५ टक्के होतं, दोन्ही बदललेल्यात ३० टक्क्यांच्या आसपास. फोलेट पुरेसं मिळालं की एन्झाइम तगून राहतं आणि हा फरक बराचसा भरून निघतो. तुमच्याकडे दोन प्रतींपैकी बदललेली एकच आहे. ‘हेटेरोझायगस’ म्हणजे तेवढंच.

हा बदल १९९५ मध्ये ओळखला गेला. त्यानंतर काही वर्षं छोट्या-छोट्या अभ्यासांत त्याचा गर्भपाताशी, रक्ताच्या गुठळ्यांशी संबंध लावला गेला आणि टेस्ट बाजारात आली. पुढे मोठे अभ्यास झाले तेव्हा तो संबंध टिकला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्टच लिहिलं की वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची ही टेस्ट करू नये. तरी आपल्याकडे पॅकेजात ती राहिलीच. लॅबच्या छापील तक्त्यात ‘डिटेक्टेड’ हा शब्द लाल अक्षरांत येतो, आणि लाल अक्षर दिसलं की त्यावर काहीतरी औषध लिहायलाच हवं असं डॉक्टरांनाही वाटतं, पेशंटलाही.

मग जीनच्या या बदलाचा बाळाच्या सुरुवातीच्या वाढीशी काहीच संबंध नाही का? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. गर्भ राहिल्यापासून २८ व्या दिवसापर्यंत बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्यातली नळी मिटते. पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत हे काम उरकलेलं असतं, तोवर कित्येक बायकांनी डॉक्टरही गाठलेला नसतो. आईच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील आणि त्यात फोलेट कमी असेल, तर ही नळी उघडी राहण्याचा धोका थोडा वाढतो. तो टाळायला मिथाइलफोलेट लागत नाही. नळीचे दोष कमी होतात हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक अॅसिडनेच, आणि सी६७७टी असलेल्यांच्या शरीरातही ते नीट वापरलं जातं. महागडी पट्टी विकत घ्यायची गरज नाही.

तुम्ही रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड आतापासून सुरू करा, दिवस जायच्या निदान एक महिना आधीपासून, तीन महिने आधी मिळाले तर उत्तम, आणि पुढे १२ आठवड्यांपर्यंत. मेडिकलमध्ये नुसतं ‘फॉलिक’ मागितलं की बहुतेक वेळा ५ मिलीग्रॅमची गोळी हातात पडते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारापट आहे. आधीच्या बाळाला नळीचा दोष असेल, आईला आधीपासून मधुमेह असेल किंवा फिटची काही औषधं चालू असतील, तर डॉक्टर मुद्दाम मोठा डोस देतात. तुमच्या पत्रात यांतलं काही नाही. म्हणून पाकिटावरचा आकडा वाचून घ्या.

आता होमोसिस्टीन १७. साधारण १५ पर्यंत ठीक धरतात, म्हणजे तुमचं किंचित वर आहे. बदललेल्या एका प्रतीने ते सहसा एवढं वाढत नाही. दोन गोष्टींचा संशय आधी घ्यावा. पहिली, नमुना. होमोसिस्टीनचं रक्त काढल्यावर नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या कराव्या लागतात. तशीच ठेवली तर लाल पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि तासागणिक आकडा सुमारे दहा टक्क्यांनी चढतो. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त घेतलं, पोरगा दुपारच्या एसटीने डबा घेऊन बेळगावला गेला, आणि तिथून नमुना पुढच्या शहरात, असं झालं असेल तर १७ या आकड्याला काही अर्थ नाही. पुन्हा करायची झाली तर उपाशीपोटी, आणि जिथे मशिनवर लागते त्याच लॅबमध्ये जाऊन द्या.

दुसरी गोष्ट बी१२, आणि आमचा संशय हिच्यावर जास्त आहे. माळकरी घरात बी१२ येतं ते फक्त दूध, दही, ताकातून. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि पावशेर दुधातून जेमतेम एक मिळतं. चहापुरतं दूध आणि पाणीदार ताक यावर ते भागत नाही. पालेभाजी, हरभरा, चवळी, मसूर यांत फोलेट भरपूर असतं, पण बी१२ मुळीच नसतं. सीरम बी१२ तपासून घ्या, तेही गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी, कारण एकदा इंजेक्शन टोचलं की पुढच्या आकड्यावरून काही कळत नाही. २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता नक्की समजा. मग रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा डॉक्टर देतील त्या अंतराने इंजेक्शनं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बी१२ आणि होमोसिस्टीन दोन्ही. गोळ्या शाकाहारी आहेत, हे बी१२ जंतूंपासून बनवतात, माळेला बाधा येत नाही.

बी१२ न बघता नुसतं फॉलिक अॅसिड मोठ्या डोसात चालू ठेवणं बरं नव्हे. रक्त भरून आल्यासारखं दिसतं आणि हातापायांच्या मुंग्या, नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पुण्यात गरोदर बायकांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात असंही दिसलं की ज्यांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत पुढे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती.

इंजेक्शनांबद्दल. रोज पोटात घ्यायचं म्हणजे ते हेपरिन, रक्त गोठू न देणारं औषध. एमटीएचएफआरसाठी हेपरिन देण्याला आधार नाही. रक्ताच्या गुठळ्यांची आनुवंशिक प्रवृत्ती खरोखर असलेल्या बायकांतही ते उपयोगी ठरतं का, हे तपासणारी चाचणी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या बायका घेतल्या होत्या. हेपरिन घेतलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना जिवंत बाळ झालं, न घेतलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना. यातला दुसरा आकडा जरा थांबून वाचा. अनेकदा पोट पडलेल्या बायकांतही इंजेक्शनाशिवाय दहांतल्या सातजणींचं पुढचं गरोदरपण पार पडलं, आणि तुमचं वय २९ आहे. उगीच घेतलेल्या हेपरिनने मात्र पोटावर काळे-निळे डाग पडतात, क्वचित प्लेटलेट उतरतात, महिनोन्महिने घेतलं तर हाडांवर परिणाम होऊ शकतो, आणि बाळंतपणात कण्यातली भूल द्यायची तर इंजेक्शनाची वेळ सांभाळत बसावं लागतं.

हेपरिन खरंच लागतं असा एक आजार मात्र आहे आणि तुमच्या बाबतीत तो बघायलाच हवा. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. तो आई-वडिलांकडून येत नाही. शरीर स्वतःविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, वारेतलं रक्त नीट खेळत नाही. दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन गर्भपात हे त्याचं एक ठरलेलं लक्षण आहे. त्याच्या टेस्ट तीन आहेत: ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आयजीजी आणि आयजीएम, अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन आयजीजी आणि आयजीएम. बऱ्याच लॅब ‘एपीएलए’ म्हणून एकच टेस्ट करून देतात, ती या तिघींची जागा घेत नाही. चिठ्ठीवर तिन्ही नावं लिहून घ्या. गर्भपातानंतर निदान सहा आठवडे जाऊ द्या. पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायची आणि दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली तरच आजार धरायचा, कारण साध्या तापानंतरही त्या तात्पुरत्या वर येतात. ल्युपस अँटिकोअॅग्युलंटचं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत रेघेपर्यंत भरलेलं हवं आणि लवकर फिरवून प्लेटलेट पूर्ण वेगळ्या केलेल्या हव्यात. हेपरिन चालू असताना तर ही टेस्ट फसवते. म्हणून ही एक टेस्ट गावात देऊ नका, बेळगाव किंवा कोल्हापूरच्या मोठ्या लॅबमध्ये स्वतः जाऊन द्या. आजार ठरला तर कमी डोसाचं अॅस्पिरिन आणि हेपरिन हाच उपचार, आणि मग ती इंजेक्शनं एक दिवसही चुकवायची नाहीत.

आता ज्याची शक्यता सगळ्यात मोठी आहे ते. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. बीजांड तयार होताना गुणसूत्रांची वाटणी नीट होत नाही, एखादं जास्तीचं येतं किंवा एखादं राहून जातं. १६ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत ही त्यांतली सगळ्यात नेहमीची चूक, आणि तशी पूर्ण चूक झालेला गर्भ कधीच दिवस भरेपर्यंत टिकत नाही. ही चूक त्या-त्या वेळेपुरती असते. तुम्ही काय खाल्लं, किती ओझं उचललं, गाडीवरून कुठे गेलात, याचा तिच्याशी संबंध नाही. आईच्या वयाबरोबर ती वाढते, पण २५ ते ३० मध्येही दहांतलं एक गरोदरपण गर्भपातात जातंच.

हे कळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे पडलेल्या गर्भाचा तुकडा तपासणं. तिसऱ्या वेळी पिशवी साफ केली तेव्हा तुकडा तपासायला पाठवला होता का, हे त्या दवाखान्यात जाऊन विचारा. हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याचा, रिपोर्ट असेल तर आणून फाइलला लावा आणि त्यात द्राक्षगर्भाचा (बाळाऐवजी वारच द्राक्षांच्या घोसासारखी वाढते त्याचा) उल्लेख आहे का ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. हे मुद्दाम सांगतोय. गर्भ पहिले तीनेक दिवस स्वतःच्या जीनवर चालत नाही, बीजांडात आईने साठवून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो. ती शिदोरी बनवणाऱ्या जीनपैकी एनएलआरपी७ नावाचा एक आहे. बाईत त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर तिला पुन्हा-पुन्हा द्राक्षगर्भच राहतो. एका जीनमुळे वारंवार गर्भ जातो याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल. २००६ मध्ये तो सापडला. दोन्ही प्रती बिघडायला लागतात म्हणून ज्यांचे आई-वडील नात्यातले असतात अशा बायकांत तो जास्त आढळतो. तुमच्या एका गर्भाला ठोके आले होते, त्यामुळे तुमचं प्रकरण तसं दिसत नाही, पण कागद बघितल्याशिवाय सोडू नये.

पुढे पुन्हा तशी वेळ आली तर, येऊ नये पण आली तर, क्युरेटिंगच्या, म्हणजे पिशवी साफ करण्याच्या, आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा की तुकडा ‘क्रोमोसोमल मायक्रोअॅरे’ला, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीला, पाठवायचा आहे. निर्जंतुक डबीत, निर्जंतुक सलाइनमध्ये. ऑपरेशन थिएटरातल्या सिस्टरची सवय असते की तुकडा आला की फॉर्मॅलीनमध्ये टाकायचा, आणि फॉर्मॅलीन लागलं की ही तपासणी बहुधा वाया जाते. म्हणून डब्या दोन: एक सलाइनची गुणसूत्रांसाठी, दुसरी फॉर्मॅलीनची हिस्टोपॅथॉलॉजीसाठी. शनिवारी रात्री झालं आणि कुरिअर सोमवारी असलं तर डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. सोबत तुमचं दोन मिलीलिटर रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत पाठवा. ते नसेल आणि तुकड्यात मिसळलेल्या तुमच्याच पेशी तपासल्या गेल्या, तर रिपोर्ट नॉर्मल बाईचा येतो आणि तो बाळाचा की तुमचा हे कोणालाच सांगता येत नाही. गर्भ घरीच पडला तर स्वच्छ, कोरड्या डबीत घ्या, नळाचं पाणी घालू नका, आणि काही तासांत दवाखाना गाठा.

आत्ता हातात करण्यासारखी टेस्ट म्हणजे तुमचं आणि मालकांचं, दोघांचंही, कॅरिओटाइप, म्हणजे रक्तातून गुणसूत्रांची तपासणी. पाचशेतल्या एखाद्या माणसात दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल झालेले असतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत असं तीन-चार जोडप्यांत निघतं. पत्त्यांच्या दोन कॅटांतली काही पानं एकमेकांत गेली तरी दोन्ही कॅट जवळ असतील तर पानं पुरी भरतात, तसा तो माणूस स्वतः ठणठणीत असतो. बीज किंवा बीजांड बनताना मात्र वाटणीत पानं कमी-जास्त जातात आणि गर्भ टिकत नाही. ही अदलाबदल बाईत असते तशीच पुरुषातही असते. म्हणून मालकांचं रक्त दिल्याशिवाय ही तपासणी अर्धीच, हे घरात नीट सांगा. हिरव्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलीलिटर रक्त, उपाशी राहायची गरज नाही, नळी बर्फात ठेवायची नाही, कारण इथे पेशी जिवंत पोचाव्या लागतात. त्या वाढवून मग गुणसूत्रं मोजतात, त्यामुळे रिपोर्टाला दोन ते तीन आठवडे लागतात. ‘४६,एक्सएक्स’ आणि ‘४६,एक्सवाय’ आलं की झालं. नवव्या गुणसूत्राचं ‘इन्व्हर्जन’ असं काही लिहून आलं तर घाबरू नका, ती निसर्गातली नेहमीची तऱ्हा आहे. खरी अदलाबदल निघाली तर आनुवंशिकी तज्ज्ञांकडे जायलाच हवं. बेंगळुरूला सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आहे. निपाणीहून पुणं जवळ पडतं आणि बोलणं मराठीत होतं. एवढ्या नाजूक गोष्टीत तो फायदा लहान नाही. अदलाबदल असूनही अशा जोडप्यांतल्या बहुतेकांना पुढे आपोआप निरोगी मूल होतं.

बाकीच्या तपासण्या साध्या आहेत. थायरॉइडसाठी टीएसएच, साखरेसाठी एचबीए१सी, रक्तपेशींसाठी सीबीसी, आणि गर्भाशयात पडदा आहे का ते बघायला थ्री-डी सोनोग्राफी. टॉर्चचे, म्हणजे रुबेलासारख्या काही संसर्गांच्या तपासणीचे, कागद बाजूला ठेवा. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा कधीकाळी तो संसर्ग होऊन गेला. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह तर चांगलंच, म्हणजे संरक्षण आहे. टॉर्चमुळे लागोपाठ तीन गर्भपात होत नाहीत. आणि कोणी नवऱ्याच्या रक्ताची लस टोचून घ्यायला सांगितलं तर पैसे घालवू नका.

नात्यातल्या लग्नाचं. या भागात आत्याच्या, मामाच्या घरी मुलगी देणं नेहमीचं आहे आणि प्रत्येक अडचणीचं खापर त्यावर फोडणंही तितकंच नेहमीचं. आते-मामे भावंडांत जीनचा आठवा हिस्सा सामाईक असतो. एखादा दबलेला दोष दोघांत असेल तर मुलात त्याच्या दोन्ही प्रती येण्याची शक्यता वाढते. जन्मजात दोषांचं प्रमाण एरवी शंभरात दोन-तीन असतं, ते अशा लग्नांत साधारण दुप्पट होतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या गर्भपाताशी त्याचा ठळक संबंध दिसलेला नाही. तुम्हा दोघांनी थॅलेसेमियासाठी (रक्ताचा आनुवंशिक आजार) हिमोग्लोबिनची एचपीएलसी ही टेस्ट मात्र एकदा करून घ्या. चौथ्या महिन्यानंतर गर्भ गेला असता किंवा बाळाच्या अंगात पाणी भरलेलं दिसलं असतं, तर दोघांच्या जीनची सखोल तपासणी सुचवली असती.

आणि आत्यांना एक सांगता येईल, सांगायची हिंमत असेल तर. तुमच्यातला हा बदल वडिलांकडून आला असेल, तर त्यांच्या सख्ख्या बहिणीत, म्हणजे आत्यांतही, तो असण्याची शक्यता निम्मी आहे. त्यांची बाळंतपणं झालीच ना! तुमच्या बाळाला तो जाण्याची शक्यताही निम्मी, आणि गेला तरी त्याचं काही बिघडत नाही.

मशेरी. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, वारेतल्या शिरा आवळतं. मशेरी लावणाऱ्या बायकांत बाळ पोटात दगावण्याचं, कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं होण्याचं प्रमाण जास्त आहे. तुमचे तिन्ही गर्भपात तिच्यामुळेच झाले असं म्हणता येणार नाही, पण पुढचं गरोदरपण तिच्यासोबत नको. सकाळी उठल्या-उठल्या लावायची सवय असेल तर ती वेळच मोडा, आधी चूळ भरून टूथपेस्टने दात घासा. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, मग उतरतं. १८००-११२-३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन आहे. विड्या वळायचं काम लगेच सोडणं घर चालवणाऱ्या बाईला जमत नाही हे कळतं. मग निदान सूप घेऊन उंबऱ्याबाहेर, वाऱ्यात बसा, तोंडाला ओला रुमाल बांधा, जेवायच्या आधी हात साबणाने धुवा आणि झोपायच्या खोलीत जर्दा साठवू नका.

दिवस गेले की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या आणि आशाताईंकडे नाव घालून थायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदणीचं कार्ड) काढा. डाग लागला तर वाट बघू नका. आधी गर्भपात झालेल्या बाईला सुरुवातीला रक्त दिसलं तर ४०० मिलीग्रॅम प्रोजेस्टेरॉन योनीमार्गात दिवसातून दोनदा, १६ आठवड्यांपर्यंत, असं दिल्याने फायदा होतो. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या बायकांत हा फरक ५७ वरून ७२ टक्के असा होता. रक्त न दिसताच सरसकट दिलं तर तसा फायदा दिसलेला नाही. ही ओळ डॉक्टरांना दाखवा, औषध स्वतः आणू नका. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटि-डी इंजेक्शनाचंही विचारून घ्या.

बहिणीची एमटीएचएफआर टेस्ट करू नका. तिच्यासाठी सीबीसी आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी पुरे, आणि ती तिची एकटीची नाही, मुलाचीही. स्थळ नात्यातलं असेल तर सुपारी फुटायच्या आधीच. तुमच्या कॅरिओटाइपमध्ये अदलाबदल निघाली, तर मात्र तिचंही कॅरिओटाइप करावं लागेल, म्हणून तुमचा रिपोर्ट येईपर्यंत तिचं काही करायची घाई नको.